तीन तासांची भिंत

भिंत पडली आणि सासूबाई तिच्याखाली आल्या. भिंत कापडाची असल्यामुळे अंगाला काही लागलं नाही, जिव्हारी मात्र लागलं. पण हे घडलंच नाही, असं समजून पुढे जाऊ.

सुतार नाटकांचे सेट बांधायचा. त्याचे महाल, तुरुंग, दवाखाने तीन तास दिमाखात उभे राहत आणि पडदा पडला की टेम्पोत चढत. चौथ्या तासाचा विचार करायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. बायकोला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी निरोप धाडला, की बाळासाठी पक्की खोली हवी. मी येऊन बघेन, नाहीतर लेकीला घेऊन जाईन आणि बाळ शाळेत जाईपर्यंत पाठवणार नाही.

गवंडी म्हणाला, महिना लागेल. सुताराने त्याला वेड्यात काढलं आणि एका दुपारीत बैठकीत आडवी भिंत घातली: लाकडी चौकट, ताणलेलं कापड, त्यावर रंगवलेल्या विटा, मागून टेकू. खिडकीही रंगवली, खिडकीत झाड, झाडावर पक्षी. बायको बघतच राहिली. शेजारीपाजारी बघून गेले. पक्कं कधी करायचं, असं ती अधूनमधून विचारी. तो म्हणे, उभी आहे ना, मग? पण पंखा लावला की भिंत श्वास घेई, आणि दोघंही कूस बदलत पडून राहत.

आज सासूबाई आल्या. खिडकी उघडून बघितली, उघडेना. बिजागऱ्या गंजल्या असतील म्हणाल्या. मग खुर्ची ओढून भिंतीला पाठ टेकून बसल्या. टेकू सरकला. तो आवाज सुताराच्या ओळखीचा होता. पाणी आणतो असं सांगून तो मागे गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. इकडे जावई, तिकडे सासूबाई, मधे कापड.

"भिंत ऊबदार आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "काम पक्कं दिसतंय."

सुताराच्या पायांना मुंग्या आल्या. नाकावर माशी बसली, तिलाही त्याने बसू दिलं. आणखी पाच मिनिटं, तो स्वतःला सांगत होता. पाच मिनिटांपुरता तो कायमच हुशार होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली.

"अहो, कळा सुरू झाल्यात. गाडी काढा."

"जावईबापू कुठे उलथले?" सासूबाईंनी भिंतीलाच विचारलं.

हलावं तर भिंत जाणार, पाठोपाठ बायको जाणार, बाळही. न हलावं तर बाळ इथेच येणार. सुताराने घसा खाकरला आणि रंगवलेल्या पक्ष्याच्या मागून, प्रयोगाआधीच्या सूचनेच्या आवाजात म्हणाला,

"बाळास नम्र विनंती करण्यात येते, की तांत्रिक अडचणीमुळे आपले आगमन गवंड्याचे काम पूर्ण होईपर्यंत स्थगित ठेवून सहकार्य करावे."