ओढ्यापलीकडच्या माश्या

राजूरच्या वर, डोंगराला टेकलेल्या वाडीत सूर्यभान आणि केशरबाई राहत. परसात जांभळीखाली त्यांच्या मधपेट्या होत्या. एकाहत्तर साली दिवाळी सरल्यावर सूर्यभाननं आणखी दोन पेट्या आणल्या. खाली अकोले बाजूच्या एका गावातला माणूस माश्या पाळणं सोडत होता, त्यानं त्या फुकटच दिल्या. पेट्या गाडीत चढवायला त्यानं स्वतः हात लावला. मात्र सूर्यभान झाकण उघडून बघायला लागला, तसा तो घाईनं म्हणाला, "थंडीचं कशाला उघडता? घरी जाऊनच बघा." आणि चहाचंही न विचारता घरात निघून गेला.

सूर्यभाननं हे हसत हसत सांगितलं. केशरबाईला काही हसू आलं नाही.

पंधरवडा गेला असेल. सकाळी परस झाडताना तिला नव्या पेट्यांपुढच्या गवतात माश्या सरपटताना दिसल्या. एखादी काडीच्या टोकाशी चढायची, पंख थरथरवायची आणि खाली पडायची. पुन्हा चढायची. पंख अंगाला मिटलेले नव्हते, खुब्यातून निखळल्यासारखे वेडेवाकडे पसरलेले होते. केरसुणी नुसती लागली तरी माश्यांचा पुंजका बाजूला होत होता, पण एकही चावायला उठत नव्हती.

"आवो, ह्या माश्यांला काय झालंय?"

"गारठल्या असत्याल," सूर्यभान म्हणाला. "ऊन वर आलं की उडत्याल."

ऊन वर आलं. माश्या उडाल्या नाहीत.

मधपेट्यांची तपासणी करणारे राधाकृष्ण साहेब महिन्याकाठी राजूरच्या बाजाराला येत. केशरबाईनं त्यांना वाडीवर बोलावून आणलं. त्यांनी एका माशीचं मुंडकं चिमटीनं अलगद काढलं आणि भिंगाखाली बराच वेळ बघितलं. मग भिंग तिच्या हातात दिलं. माशीच्या छातीत केसाएवढी बारीक नळी होती. ती पांढरी असायला हवी, असं ते म्हणाले. तिला दिसली ती डागाळलेली, काळपट.

"ही श्वासाची नळी. गोचिडीच्या जातीची कीड आहे, पण इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. नळीत शिरते, तिथंच अंडी घालते. माशीचा श्वास कोंडतो, उडायचं बळ जातं."

"मंग औषिद?"

"औषधाच्या पट्ट्या पुण्याहून मागवतो. पेटीत त्यांचा धूर करायचा. तोवर या दोन पेट्यांतल्या माश्या गंधकाची धुरी देऊन मारून टाका. दुबळ्या पेटीतला मध चोरायला धडधाकट माश्या येतात, आणि मधाबरोबर ही कीडही घेऊन जातात."

 साहेब गेल्यावर सूर्यभान म्हणाला, "जित्या माश्या मारायच्या? माझ्याच्यानं न्हाई व्हनार."

आठवडाभरानं तो परसातून ओरडत आला. "केशर, भाईर ये! पेटी सावरली बघ!"

खरंच, नव्या पेट्यांच्या दारांवर झुंबड उडाली होती. माश्या वेगानं आत शिरत होत्या, वेगानं बाहेर पडत होत्या. घों घों आवाज उंबऱ्यापर्यंत येत होता. सूर्यभानचा चेहरा उजळला होता. केशरबाई मात्र दाराशी वाकून बघत राहिली. बाहेर पडणाऱ्या माश्या फुगलेल्या पोटांनी जड उडत होत्या. आत जाणाऱ्यांच्या पायांवर परागाचा कणही नव्हता.

तिनं घरातून मूठभर तांदळाचं पीठ आणलं आणि बाहेर पडणाऱ्या माश्यांवर भुरभुरलं. पांढऱ्या झालेल्या माश्या जांभळीवरून वळल्या आणि ओढ्याकडे गेल्या.

ओढ्यापलीकडे सूर्यभानची थोरली बहीण राहीबाई राहत होती. तिच्याही पेट्या होत्या. केशरबाई ओढा उतरून गेली तेव्हा राहीबाई अंगणात नाचणी पाखडत होती.

"वन्सं, तुमच्या माश्या बघू द्या."

पहिल्याच पेटीच्या फळीवर एक पिठूळ माशी उतरली. तिच्यामागं दुसरी आली.  केशरबाईनं साहेबांनी सांगितलेलं सगळं राहीबाईला सांगितलं.

"माझ्या माश्या चांगल्या उडत्यात," राहीबाई म्हणाली. सूप तिच्या हातात तसंच राहिलं होतं. "आन् तुज्या दारची पीडा तू मला येऊन सांगतीस?"

केशरबाई घरी आली. नवऱ्याला न विचारता तिनं नव्या पेट्यांची दारं चिखलानं लिंपली आणि आत गंधक पेटवला. घोंघाट एकदम वाढला, फळ्यांना धरलेल्या तिच्या हातांना तो जाणवला. मग तो उतरत गेला. आत राहीबाईच्याही माश्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. सूर्यभान जांभळीला टेकून उभा होता. त्यानं तिला अडवलं नाही.

पौष संपता संपता राहीबाईच्या अंगणात माश्या सरपटू लागल्या. ती भावाकडे आली नाही, की कुणाशी बोलली नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर माश्यांचा खच पडायचा, ती तो पदरात गोळा करून बांधावर टाकायची. पुण्याहून पट्ट्या आल्या तेव्हा केशरबाई अर्ध्या पट्ट्या घेऊन तिच्या दारात गेली. राहीबाईनं पुडक्यावरून एकदा हात फिरवला.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "दोगी मिळून धूर करू."

सकाळी केशरबाई ओढ्यात उतरली तोच वर आवाज झाला. राहीबाईच्या पेट्यांतून माश्या भसाभस बाहेर पडत होत्या. पेटीत पाळतात त्या सातेरी माशीला घरात त्रास झाला की ती घर सोडते, तशा त्या निघाल्या होत्या. काळा ढग अंगणावर गरगर फिरला. दोघी पाणी उडवत, मूठमूठ माती फेकत मागं धावल्या. एरवी एवढ्यानं माश्या जवळच्या फांदीला बसतात. या बसल्या नाहीत. ढग उंच चढला, लांबट झाला आणि खिंडीवरून पलीकडे उतरला.

मागं राहिल्या त्या उडता न येणाऱ्या माश्या. रिकाम्या पेट्यांच्या फळ्यांवरून त्या टपटप खाली पडत होत्या.

राहीबाई धापा टाकत खाली बसली.

"वन्सं, खिंडीपल्याड कोनाच्या पेट्या हायत?"

"कडूबाईच्या. आन् तिच्या खाली, तिकडच्या सगळ्या वाडीच्याच."

केशरबाईनं पट्ट्यांचं पुडकं ओच्यात खोवलं. राहीबाई तिचा हात धरून उठली, आणि दोघी खिंडीची वाट चढू लागल्या. वरून वारा पलीकडे वाहत होता. माश्यांचा आवाज कधीच थांबला होता.