बटाट्याच्या अंगातलं विष

त्या रविवारी व्यायामशाळेत कोणी वजन उचलत नव्हतं. दंडावर बेटकुळ्या मिरवणारी चौदा तरणीताठी पोरं रांगेत अशी उभी होती, जणू पहिलीच्या वर्गाला लस टोचायची आहे. पुढे गादीवर रक्तातलं विष काढून देणारे रक्तगुरू. ते बोटाला सुई टोचत, बोट तपकिरी औषधाने पुसत आणि समोरच्या वाटीतल्या पाण्यात बुडवायला लावत. पाणी क्षणात काळंनिळं!

"पाहा, यकृतातलं विष! डॉक्टरला हे दिसत नाही, म्हणून तो बिचारा यंत्रं घेऊन फिरतो."

रक्तपेढीत तंत्रज्ञ असलेली ताई धाकट्या भावाला शोधत आत आली, ती दारातच थबकली. भावाने महिन्यापूर्वी मोठ्या हौसेने रक्तदान केलं होतं. तपासणीत निघाला हेपॅटायटिस सी. रक्तातून रक्तात जाणारा आणि यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप बसणारा विषाणू. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक सगळे बरे होतात. पण गोळी विष आत कोंडते, असं गुरूंनी सांगितल्यापासून भावाने गोळ्यांच्या डब्याला हात लावला नव्हता.

"मलाच कसा झाला?" असं तो रोज विचारी. उत्तर व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत होतं. दंड फुगवायची इंजेक्शनं पोरं तिथे घेत, आणि सिरिंज सगळ्यांत एक. भावाभावांत कसलं उष्टं!

"ताई, शाईसारखं काळं झालं माझं पाणी!" भाऊ धावत आला. "मी तिसरा होतो."

"आणि ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांचं?"

"त्यांचंही! म्हणजे बघ, सगळ्यांनाच आहे."

"गुरूंनी स्वतःचं बोट बुडवलं?"

"असं कसं विचारायचं गं त्यांना!"

एवढ्यात गुरूंनी सुई रुमालाला पुसली आणि अकराव्या पोराचं बोट धरलं. ताई ताडकन पुढे झाली. वाटेत कुणाच्या तरी डब्यातला उकडलेला बटाटा तिने उचलला.

"गुरुजी, आधी याला बघा. फार अशक्त झालाय."

"थट्टा नको, बाई!"

"थट्टा कसली? याला यकृतच नाही. विष निघायची भीतीच नको." आणि गुरूंच्या तपकिरी औषधाची बाटली उचलून तिने बटाट्यावर दोन थेंब टाकले. बटाटा काळानिळा.

"गेला बिचारा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"टिंक्चर आयोडीन आहे हे," ताई म्हणाली. "पिठूळ पदार्थाला लागलं की असंच होतं. बटाटा पिठूळ, आणि या पाण्यात आहे कपड्याची खळ." तिने त्याच पाण्याच्या नव्या वाटीत नुसते थेंब टाकले. कोणाचंही बोट न लागता पाणी काळं झालं. "अशा चार बैठका घ्यायच्या आणि शेवटच्या बैठकीला आयोडीनऐवजी साधं स्पिरिट लावलं, की पाणी स्वच्छ आणि भक्त बरा!"

इथे नकारात्मक लहरी फार आहेत, असं सांगत गुरूंनी गादी गुंडाळायला घेतली. पोरं खो-खो हसत होती. ताई तेवढी हसली नाही.

"सुया किती होत्या?"

"एकच," भाऊ म्हणाला. "सिद्ध केलेली." आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "ताई, मी तिसरा होतो."

विष डोळ्यांना दिसावं, वाटीत उतरावं, त्यावर टाळ्या पडाव्यात, ही आपली हौस. विषाणूला टाळ्यांची पर्वा नाही. एकाची सुई किंवा वस्तरा दुसऱ्याने वापरला, की त्याचं भागतं. आणि तो सापडतो फक्त रक्ताच्या साध्या तपासणीत.

भाऊ बाकावर चढला. कान लाल झाले होते.

"मला हेपॅटायटिस सी आहे. घरी सांगितलं, तुम्हाला नाही. ती सिरिंज आपण सगळ्यांनी वापरली, आणि आज सुईसुद्धा. उद्या सकाळी सगळे रुग्णालयात चला. ताई म्हणते, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागेल. मी आज गोळ्या सुरू करतोय."

मग सगळ्यांत धिप्पाड गडी पुटपुटला, "पण मला तर काहीच त्रास नाही रे."

"मला तरी कुठे होता?" भाऊ म्हणाला.