जोडीची गोळी

चौदा मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. फेफऱ्याचा दोन महिन्यांतला अकरावा झटका. चिऊ बाथरूममध्ये पडली ती दाराला टेकूनच. तिचे वडील दार ढकलून आत शिरेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. संध्याकाळी त्यांनी दाराची कडी काढून टाकली.

चिऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करी. वडील पंपघरातून निवृत्त झालेले. घरात बायकोसुद्धा त्यांना फोरमन म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी बजावले, “जुनी गोळी आहे तेवढीच ठेवायची. जोडीला ही नवी, हळूहळू वाढवत न्यायची. दोघी मिळून झटके अडवतील. मला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही.”

फोरमननी मान डोलावली. गोळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा डबा दर रविवारी तेच भरत. परंतु पंपघरातला एक नियम त्यांच्या हाडीमांसी खिळलेला होता: दुसरा पंप सुरू झाला की पहिल्याची झडप मिटत आणायची. दोघांचा जोर एकाच जुन्या नळावर आला, तर नळ फुटतो.

तिसऱ्या आठवड्यात चिऊ म्हणाली, “बाबा, डोक्यात नुसता कापूस भरलाय. आज गिऱ्हाइकाला चष्मा उलटाच चढवला.”

“मग? दिसलं का त्याला?”

“म्हणतो, आधीपेक्षा बरं दिसतंय!”

ती हसली आणि जेवता जेवता, ताटात हात तसाच ठेवून, पेंगली. फोरमनना तिच्या कपाळावरची शीर दिसत राहिली. नळ जुना होता. त्या रविवारी त्यांनी जुनी गोळी अर्धी केली. कोणाला सांगितले नाही. झडपेला हात लावताना पंपघरात तरी ते कोणाला विचारत होते?

चिऊचा चेहरा उजळला. “नवी गोळी लागू पडली, बाबा!” ती शीळ घालत कामावर जाऊ लागली. फोरमन मनातल्या मनात सुखावले.

मग एका सकाळी चहाचा कप तिच्या हातून उडाला. निसटला नव्हता, हाताला हिसका बसून उडाला होता.

“हात आहेत की चाळणी?” आई करवादली.

“तुझ्याच माहेरचा कप, आई. त्याला इथं राहायचं नव्हतं.”

दोघी हसल्या. फोरमन हसले नाहीत. नळ फुटण्याआधी आतून असाच एक दणका बसतो, हे त्यांनी अनेकदा ऐकले होते. दुसऱ्या दिवशी चमचा उडाला, तिसऱ्या दिवशी कंगवा. जोर अजून जास्त होतोय, असा त्यांनी हिशेब मांडला. जुनी गोळी पाव केली.

शनिवारी दुपारी दुकानातून फोन आला. एक झटका थांबला होता. ती शुद्धीवर येण्याआधीच दुसरा सुरू झाला होता.

इस्पितळात पोचेपर्यंत चौथा. डॉक्टरीणबाई पळतच आल्या. “जुन्या गोळीचा डोस चुकला का?”

“छे!” आई रडत म्हणाली. “डबा हे स्वतः भरतात. सूर्य एखादे वेळी उशिरा उगवेल, यांच्या हातून चूक व्हायची नाही.”

पडद्यामागे खाट खडखडू लागली. फोरमनना तो आवाज ओळखीचा होता. आता गप्प बसले असते, तर बायकोच्या डोळ्यांतला तो विश्वास शाबूत राहिला असता.

“चुकला नाही,” ते म्हणाले. “मी कमी केला. पाववर आणला. दुसरा पंप चालू झाल्यावर पहिला...”

“हे पंप नाहीत हो, बांध आहेत!” डॉक्टरीणबाई वळल्यासुद्धा होत्या. “सिस्टर, तिचं जुनंच औषध, शिरेतून. लगेच!”

बायकोने त्यांच्या खिशातला डबा काढला आणि आपल्या पिशवीत टाकला.

त्या दुपारचे झटके: पाच. जुनी गोळी पूर्ण, नवी जोडीला. पुढच्या दोन महिन्यांतले झटके: दोन.