इस्त्रीचे पाणी

मी एक जुनी वाफेची इस्त्री आहे आणि मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. मी नाही. तापणे हेच माझे काम.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या तळाला चव्वेचाळीस भोके होती आणि एकेका भोकातून वाफ अशी सुटायची की सुरकुतीची काय बिशाद! मला ज्यांनी घरी आणले, त्या काकू तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीतल्या पंधरा-वीस घरांचे कपडे इस्त्री करून देतात. कॉलरपासून सुरुवात, बाह्या शेवटी, हात अगदी हलका. "हिच्यासारखी गुणी इस्त्री मिळायची नाही हो," असे त्या शेजारणींना सांगायच्या. मी टेबलावर नुसती फुलून जायचे.

माझ्याबरोबर खोक्यातून एक कागद आला होता. नळाचे पाणी जड असेल तर ते हिच्या पोटात घालू नका, क्षार काढलेले पाणी विकत आणून घाला, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. आणि आमच्या शहराचे पाणी म्हणजे काय विचारता! साबण घासून घासून मनगट दुखते, पण फेस म्हणून येत नाही. टॉवेल वाळला की पत्र्यासारखा ताठ. शॉवरची निम्मी भोके बुजलेली, त्यामुळे अंघोळ भिंतीचीच होते. न्हाणीघरातला गीझर मागच्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या पोटातून बादलीभर पांढरे खडे निघाले. घरोघरी कोणी साबण बदलतो, कोणी शाम्पू बदलतो, कोणी धुणाऱ्या बाईवर खेकसतो. पाण्याला मात्र कोणी बोलत नाही.

आमच्या घरात तर बोलायची सोयच नव्हती. काकूंचे सासरे, म्हणजे घरातले आजोबा, एकतीस वर्षे शहराच्या पंपघरात नोकरीला होते. "आमच्या पाण्याला नावं ठेवायची नाहीत," असे ते बजावून सांगायचे.

तरीही काकूंनी कागदाचे ऐकले. एक पांढरा कॅन आणला, त्यावर ठळक अक्षरांत 'इस्त्रीचे पाणी' असे लिहिले आणि दर आठवड्याला तो दुकानातून भरून आणायचे काम आजोबांकडे दिले. तीन वर्षे त्यांनी ते कुरकुरत का होईना, पण केले.

मग एके दिवशी दुकानदार चारचौघांत म्हणाला, "काय पंपघरवाले, तुम्हीसुद्धा पाणी विकत नेता?" सगळे हसले. आजोबांना ते फार लागले. ते रिकामा कॅन घेऊन घरी आले. काकू कपडे पोहोचवायला गेल्या होत्या. आजोबांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, कॅन काठोकाठ भरला आणि झाकण घट्ट लावले. वर 'इस्त्रीचे पाणी' लिहिलेले होतेच.

पुढे दर आठवड्याला हेच. मी टेबलावरून सगळे पाहत होते. मला ओरडता आले असते, तर मी अख्खी इमारत गोळा केली असती.

वर्षभरात माझी भोके एकामागून एक बुजली. पोट जड झाले. वाफ आतल्या आत कोंडू लागली. आणि एका सकाळी समोर काळा कोट आला. तो दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा होता. त्यांची नवी नवी वकिली, पहिलाच खटला. मी वाफ आत धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण जमले नाही. कोटाच्या छातीवर पांढरट चिखलाची पिचकारी उडाली. काकूंनी ओल्या फडक्याने पुसले, तर ती आणखीच पसरली.

वकीलबाई दारात उभ्या होत्या, हातात कागदांची पिशवी. "काकू, मी आज पहिल्यांदा कोर्टात बोलणार होते," एवढेच त्या म्हणाल्या आणि तोच कोट घालून गेल्या.

पंधरा दिवसांत सात घरांनी कपडे द्यायचे बंद केले. काकूंचा नवरा म्हणाला, "तुझं लक्ष कुठं असतं? घाई करतेस." काकू मला हातात धरून बसल्या. "माझा हातच बिघडला," असे रोज म्हणू लागल्या. आणि आजोबा? समोरच्या खुर्चीत, वर्तमानपत्राच्या मागे! माझ्या अंगाचा असा भडका उडायचा म्हणून सांगू.

महिन्याने काकूंनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मला टेबलावर उघडले आणि पोटातून एक पांढरी ढेप काढून पुढे ठेवली.

"कुठलं पाणी घालता?"

"विकतचं. हा काय कॅन."

त्याने त्यातले थोडे पाणी पातेलीत घेऊन आटवले. तळाशी पांढरा थर उरला. "बाई, हे नळाचं आहे."

काकूंनी कॅनकडे पाहिले, मग खुर्चीकडे. आजोबा उठले. त्यांनी ती ढेप उचलून अंगठ्याने घासली. पंपांच्या पोटातून हीच ढेप त्यांनी एकतीस वर्षे छिन्नीने फोडून काढली होती. "ओळखतो मी हिला," ते म्हणाले. "कॅन मीच भरला. नळाखाली."

काकूंचा आवाज चढला नाही. "बाबा, महिनाभर मी माझ्या हातांना शिव्या देत होते. तुम्ही समोर बसून ऐकत होता."

दुसऱ्या दिवशी आजोबा ती ढेप घेऊन सातही दारांत गेले. "चूक माझी आहे. सुनेच्या हातात काही खोट नाही," असे प्रत्येक ठिकाणी म्हणाले. चार घरे परत आली. वकीलबाईंनी ऐकून घेतले, पण कोट अजून आलेला नाही. काकू त्या कोटासाठी टेबलाची एक बाजू अजूनही मोकळी ठेवतात.

आता नवी इस्त्री आली आहे. आजोबा चारचौघांत त्याच दुकानातून तिचे पाणी आणतात. माझी भोके काही उघडली नाहीत. मी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून जमिनीवर बसलेली असते. माझी माफी कोणी मागितली नाही.

म्हणून मित्रांनो, घरात काही बिघडले तर कोणाच्या हाताला दोष देण्याआधी आमच्या पोटात डोकावून बघा. बाहेरून पुसून चकचकीत ठेवता, तसे आतूनही साफ करा. आणि खरे काय ते ठाऊक असेल, तर वर्तमानपत्र खाली ठेवून त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.