संख्येच्या हाताखाली

स्क्रीनवर शून्य उमटलं आणि गणित विभागातली कुजबुज थांबली.

विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन मॅट्रिक्सचा, म्हणजे संख्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार आधी सुलट केला होता, मग उलट, आणि एकातून दुसरा वजा केला होता. उत्तर शून्य येणार नाही, अशाच मॅट्रिक्स मुद्दाम निवडल्या होत्या. "संगणकाला नवं गणित शिकवलंत की काय?" पाहुणे हसत म्हणाले. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

विभागप्रमुख आहेर सरांचे कान तापले. चूक कुठे आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. विभागाने तयार केलेल्या या संगणक प्रणालीत प्रत्येक गणिती वस्तू आपले नियम स्वतःजवळ बाळगते. नवी वस्तू जुनीच्या हाताखाली बसवली, की जुनीचे सगळे नियम तिला आपोआप लागतात. ही प्रणाली लिहिणारी पल्लवी मॅट्रिक्सचे नियम वेगळे लिहायला बसली होती. घाई सरांचीच. संख्येच्या हाताखाली बसव, निम्मं काम वाचेल, असं ते म्हणाले होते. संख्या कशाही उलटसुलट गुणल्या तरी उत्तर तेच येतं, मॅट्रिक्सचं तसं नाही, असं ती सांगू लागली, तेव्हा सरांनी तिला गप्प केलं होतं. गणित मला शिकवू नकोस, म्हणाले होते.

ती आता संगणकापाशी मान खाली घालून बसली होती. त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, तासिकेवर शिकवणारी. हे प्रात्यक्षिक नीट झालं असतं तर तिला कायम करण्याचा विषय निघणार होता.

"मुलीनं लिहिलंय," सर म्हणाले. "नवखी आहे अजून."

बोलून झाल्यावर त्यांना तिच्याकडे पाहवेना. आठवडाभरात प्राचार्यांनी त्यांना बोलावून तिच्या तासिका बंद करायचं ठरवलं, आणि सरांनी नुसती मान डोलावली. पुढे मात्र वर्गात पोरांकडे बघण्यापेक्षा फळ्याकडे तोंड करून उभं राहणंच त्यांना बरं वाटू लागलं. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय, ते त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

शेवटी एका रविवारी ते फुलबाजारात गेले. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं घेऊन पल्लवीची आई भागुबाई तिथे बसत. शेजारी पल्लवी शेवंतीची माळ ओवत होती. सरांना पाहून तिची सुई थांबली, मग पुन्हा चालू लागली.

भागुबाईंनी पोतं झटकून बसायला दिलं. "पोरीनं सांगितलं मला समदं, सर. चूक तिची व्हती, पर तुमी चार लोकांत वाईट बोलले नाय. नवखी हाय म्हणून सांभाळून घेतलं."

"नाही हो. चूक माझी होती. ती बरोबर सांगत होती, मीच ऐकलं नाही. आणि नाव तिचं घेतलं."

भागुबाई लेकीकडे वळल्या. "बघ गं. दुसऱ्याचं सोतावर घ्यायला लय मोठं मन लागतं."

पल्लवीने दोऱ्याला गाठ मारली. "सर, हे प्राचार्यांना सांगाल?"

आवाज साधाच होता. सरांनी मान डोलावली. प्राचार्यांपुढे डोलावली होती, अगदी तशीच. तिनेही ते पाहिलं असावं, कारण तिने पुढच्या माळेसाठी सुईत दोरा ओवायला घेतला.

भागुबाईंनी ती माळ पानात बांधून त्यांच्या हातात ठेवली. "देवाला घाला तुमच्या," त्या म्हणाल्या. सर माळ घेऊन तिथेच उभे राहिले, गिऱ्हाइकांच्या वाटेत.