माझ्या हेडांनी वाचलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मला आता झाकण नाही, आणि ज्यांनी मी वाचत असे ते हेडही नाहीत. ते कोणी चोरले नाहीत. ते कुठे गेले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथले कामगार नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असत. दिसत ते फक्त डोळे. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावरून सरकणारे बारीक हेड. तबकड्या गरगर फिरू लागल्या की हेड त्यांना न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगतात. हे अंतर इतके कमी असते की मधे आलेला धुळीचा कणसुद्धा आम्हाला धोंड्यासारखा.

नोकरी मला एका दातांच्या दवाखान्यात मिळाली. कोणाची दाढ काढली, कोण 'उद्या येतो' म्हणून पुन्हा फिरकलेच नाही, हे सारे मी जपून ठेवले. तिथल्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की डॉक्टर सुट्टीवर जातात, पण आमचा कॉम्प्युटर जात नाही. ऐकून मला बरे वाटे. मग नवा कॉम्प्युटर आला. मला कोरे करून खणात टाकले. गुंतलेल्या वायरी आणि एक बंद घड्याळ, एवढाच काय तो शेजार.

खणातून मी भंगारात गेले आणि भंगारातून एका बाईंच्या टेबलावर. बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढणे हा त्यांचा व्यवसाय. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी माझे लेबल भिंगातून वाचले आणि मला एका दुसऱ्या डिस्कशेजारी ठेवले. आमचा कारखाना एक, मॉडेल एक, महिनाही एक. सख्ख्या बहिणीच म्हणा ना. ती टेबलावरून पडली होती आणि तिचे हेड मोडले होते. त्यात ती ज्या घरची, तिथल्या मामांनी, थंडीने डिस्क बरी होते असे कुठेतरी ऐकून, तिला फ्रीजमध्ये ठेवले होते. "डिस्क आहे ती, आइस्क्रीम नव्हे," ताई पुटपुटल्या.

ती डिस्क घेऊन एक मुलगी आणि तिचे बाबा आले होते. बाबांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी शेकडो वाक्ये वाचून रेकॉर्ड केली होती. त्यांच्यावरून एक यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार होते. ती वाक्ये त्या डिस्कवर होती. मुलीचे दोन वर्षांचे संशोधनही तिथेच होते: तळ्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची हजारो छायाचित्रे.

ताईंनी बंद काचपेटीत माझे झाकण उघडले, माझे हेड अलगद काढले आणि तिला बसवले. तिच्यावरची फायलींची यादी वाचता आली. लगेच वीज बंद करून ताईंनी बापलेकीला बोलावून घेतले.

त्यांनी काहीही लपवले नाही. तबकडीवर ओरखडा होता आणि आवाजाच्या फायली नेमक्या त्याच्या आसपास होत्या. छायाचित्रे चांगल्या भागात होती, पण ती उतरवायला दोन दिवस लागणार होते. जुने हेड तेवढे टिकतील याचा भरवसा नव्हता. उलट, आधी ओरखड्याजवळ गेले तर हेड तिथेच मोडू शकत होते, आणि मग काहीच हाती लागले नसते.

"नेहमी मी सोपा भाग आधी काढते," ताई म्हणाल्या. "पण माल तुमचा. तुम्ही सांगा."

"आवाज आधी," मुलगी म्हणाली.

बाबांनी गळ्यातल्या छोट्या पाटीवर लिहिले, 'फोटो आधी.' खाली दोन रेघा मारल्या.

"बाबा, तुम्ही गप्प बसा जरा."

बोलून ती स्वतःच चपापली. बाबा मात्र खांदे हलवत आवाजाशिवाय हसत सुटले. मग पाटी पुसून त्यांनी लिहिले, 'दोन वर्षं वाया जातील.'

"तळं कुठं पळून जात नाही. मी परत पाणी आणीन," ती म्हणाली. "तुमचा आवाज कुठून आणू?"

बाबांनी पाटी पुसली आणि ताईंना खुणेने होकार दिला.

माझे हेड ओरखड्याकडे गेले. अडखळले, मागे आले, पुन्हा गेले. ताई मधेच वाचन थांबवत, थोडा वेळ जाऊ देत, दुसऱ्या बाजूने प्रयत्न करत. बहुतेक वाक्ये आली. काहींचे शेवट तुटले. मग छायाचित्रे सुरू झाली. त्यांतला तिसरा हिस्साही उतरला नसेल, तोच माझे हेड कायमचे गेले. मुलीने ते ऐकले, मान हलवली आणि तळ्यावर कधी जायचे ते ठरवू लागली.

काही आठवड्यांनी दोघे पुन्हा आले. बाबांच्या हातात बोलणारे यंत्र होते. त्यांनी सावकाश टाइप केले आणि एक किंचित खरखरीत, ठसकेबाज आवाज खोलीत उमटला.

"पोरी, दुसरी प्रत काढलीस का?"

मुलीने डोळे पुसले. "काढली, बाबा. एक घरी आहे, एक आत्याकडे."

मित्रांनो, आम्ही डिस्क कितीही इमानदार असलो तरी कधीतरी बंद पडतोच, आणि आगाऊ कळवून पडत नाही. माझ्यासारखी जुळी बहीण प्रत्येकीला भंगारात सापडेलच असे नाही. तेव्हा जे पुन्हा मिळवता येणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच काढा आणि दुसऱ्या घरी ठेवा.