डॉक्टरबाईंचा हात आणि मी

मित्रांनो, मी एक जुना माउंट आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मोठी माणसेही गोंधळतात. नेमबाजीच्या रायफलीवर दुर्बीण बसवलेली तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. ती दुर्बीण हवेत तरंगत नाही. तिच्या पोटाखाली धातूचा एक पाया असतो, पायावर दोन कड्या असतात आणि त्या कड्या दुर्बिणीला कवेत घेऊन बसतात. तो पाया आणि त्या दोन कड्या म्हणजे मी. चित्र काढणारे मला हमखास विसरतात. मला त्याचा राग येतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या टर्नरला, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्या कारागिराला, सगळे ‘केसभर’ म्हणत, कारण दिवसभर त्याच्या तोंडी एकच वाक्य असे, ‘‘केसभर अजून घे.’’ माझ्या कड्या कापून झाल्यावर त्याने त्यांतून एक गुळगुळीत दांडी आरपार घातली. ती कुठे अडकली नाही, कुठे डुगडुगली नाही. दांडी आणि कडी यांच्यात किती जागा उरली होती, हे त्याने उजेडाकडे धरून पाहिले आणि स्वतःशीच हसला. माणसाचा डोळा एवढी बारीक फट पाहू शकतो, हे पाहून मी थक्क झालो. माझे थक्क होणे तिथून जे सुरू झाले, ते अजून थांबलेले नाही.

केसभरने मला आणखी एक गोष्ट दिली. माझ्या पायाच्या एका बाजूला स्क्रूने आवळायची एक पट्टी असते. रायफलीच्या पाठीवर जी खाच असते, तिला ही पट्टी धरून ठेवते. काही रायफलींची खाच अरुंद असते, काहींची रुंद. म्हणून त्याने पट्टीची एक कड अरुंद खाचेसाठी घासली आणि दुसरी रुंद खाचेसाठी. हवी ती कड आत करून बसवायची, एवढे सोपे काम. माझ्या आयुष्यातले सगळे रामायण याच पट्टीने घडवले.

तिथून मी दुकानात आलो. दुर्बिणी काचेच्या कपाटात मखमलीवर झोपत आणि आम्ही माउंट बिस्किटांच्या जुन्या डब्यात एकमेकांच्या अंगावर पडलेले असू. गिऱ्हाईक दुर्बिणीसाठी तासभर घासाघीस करी आणि निघताना म्हणे, ‘‘आणि हो, तो खालचा माउंटही टाका त्यात.’’ टाका! मी काय पिशवीत टाकायची कोथिंबीर होतो?

एका दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. पन्नाशी ओलांडलेली, बोलणे मोजके, खांद्यावर रायफलीची लांब पिशवी. सोबत त्यांचे यजमान होते, शाळेत भूगोल शिकवणारे आणि गप्प बसायची अजिबात सवय नसलेले. बाई कॉलेजात असल्यापासून पॉइंट टू-टू रायफलीने, म्हणजे लहान गोळीच्या रायफलीने, कागदी लक्ष्यावर नेमबाजी करीत. आता वयाप्रमाणे जवळचे धूसर दिसू लागले होते आणि नळीच्या टोकावरची खूण त्यांना दिसेनाशी झाली होती. दुर्बीण लावली नाही तर खेळ सोडावा लागणार, असे त्यांनीच दुकानदाराला सांगितले.

दुकानदाराने सगळ्यांत मोठी दुर्बीण पुढे केली. तिचे तोंड चहाच्या बशीएवढे होते.

‘‘अगं, हिच्यातून चंद्रावरचे खड्डे मोजता येतील,’’ यजमान म्हणाले.

‘‘मला पन्नास मीटरवरचा कागद बघायचाय हो,’’ बाई म्हणाल्या आणि दुर्बीण घेऊन दाराशी गेल्या.

समोर रस्त्यापलीकडे एका बेकरीची पाटी होती. बाईंनी दुर्बीण खिडकीच्या कठड्यावर टेकवली, आतली नेम धरायची फुली पाटीवरच्या एका अक्षरावर आणली आणि दुर्बीण जराही न हलवता फक्त डोके इकडेतिकडे केले. फुली अक्षरावरून घसरली! दुर्बीण जागच्या जागी, पाटी जागच्या जागी, तरी फुली सरकत होती. ‘‘ही लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी जुळवलेली आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जवळच्या अंतराला डोळा थोडा हलला की नेमही हलणार.’’ शिवाय एवढ्या मोठ्या तोंडाच्या दुर्बिणीला उंच माउंट लागतो आणि मग गाल रायफलीच्या दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडी भागावर, टेकत नाही, हेही त्यांनी पिशवीतून रायफल काढून गाल लावून दाखवले. मग त्यांनी कपाटाच्या कोपऱ्यातली एक साधी, आटोपशीर दुर्बीण मागितली. तिच्या पुढच्या भिंगाभोवती अंतर जुळवायची कडी होती. बाईंनी ती पन्नासवर आणली आणि पुन्हा डोके हलवले. या वेळी फुली अक्षराला चिकटून राहिली. डब्यातून मान वर काढून मी हा सगळा सोहळा पाहत होतो. काचेचे दोन तुकडे योग्य जागी ठेवले की दूरची गोष्ट माणसाच्या हाताशी येते, याचे नवल मला आजही वाटते.

दुर्बिणीची निवड व्हायला दीड तास लागला. माझी निवड व्हायला दीड मिनिट. दुकानदाराची जेवायची वेळ झाली होती आणि त्याच्या मान आणि खांद्याच्या मध्ये फोन अडकला होता. त्याने डब्यात हात घालून मला उचलले. उंची बरोबर होती, कड्यांचे माप बरोबर होते. निवड अगदी योग्य होती, मित्रांनो. पण फोनवर बोलता बोलता त्याने माझी पट्टी उलटी बसवली. रुंद खाचेची कड आत गेली आणि बाईंच्या रायफलीची खाच होती अरुंद.

‘‘नीट बसलाय ना हा?’’ बाईंनी विचारले.

‘‘पॉइंट टू-टूला काय हो, धक्का तो केवढा! कुठलाही चालतो,’’ दुकानदार म्हणाला आणि त्याने स्क्रू करकचून आवळले.

पहिल्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवर बाई चटईवर पालथ्या झोपल्या, दुर्बिणीला डोळा लावला आणि हळूच म्हणाल्या, ‘‘दिसलं.’’ एवढाच शब्द. पण त्यांच्या गालातून दस्त्यात आणि दस्त्यातून माझ्यापर्यंत त्यांचे काळीज कसे धडधडले, ते मला कळले. मग त्यांनी श्वास सोडला. धडधड संथ झाली. एक ठोका पडला, दुसरा पडायचा होता, आणि मधल्या त्या एवढ्याशा जागेत त्यांच्या बोटाने चाप दाबला. त्या क्षणी रायफल, दुर्बीण आणि मी अगदी निश्चल होतो. मी लेथच्या पोलादी मुठीत राहून आलेला गडी. पण इतका स्थिर हात मी तोवर अनुभवला नव्हता. मला हात असते तर मी जोडले असते.

पण माझी पकड खोटी होती. चार-पाच गोळ्या झाल्या की मी खाचेत जरासा सरके आणि नव्या जागी रुतून बसे. मग पुढच्या गोळ्या बोटभर डावीकडे पडत. बाई दुर्बिणीची घुंडी फिरवून नेम पुन्हा जुळवत, तोवर मी पहिल्या जागी परत येई. रेंजची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. त्यांनी एकदा मला धरून हलवून पाहिले. स्क्रू घट्ट होते, मी हललो नाही.

‘‘दुर्बीण पक्की आहे, बाई,’’ मामा हलक्या आवाजात म्हणाले. ‘‘वय झालं की हाताचं होतंच हो असं. मनाला लावून घेऊ नका.’’

बाईंनी मनाला लावून घेतलेच. त्यांच्या वडिलांचे हात साठीच्या आतच कापायला लागले होते आणि त्यांना घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद करावे लागले होते. आता बाई चमचा उचलतानाही आपल्या हाताकडे बघू लागल्या. घरी मी आतल्या खोलीत टेबलावर असे, तिथून मला सगळे ऐकू येई. आधी त्यांनी अवघड दाढा काढणे सोडले, एका आजोबांच्या अक्कलदाढेला तर नकारच दिला. मग अकराव्या आठवड्यात एका रात्री जेवताना म्हणाल्या, ‘‘मी दवाखाना देऊन टाकतेय. सोमवारी सह्या करायच्यात. लोक विश्वासाने तोंड उघडून बसतात हो माझ्यासमोर. कापऱ्या हाताने त्यात हत्यार घालू मी?’’

यजमानांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आणि मी? मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. बाई, तुमचा हात मी रोज अनुभवतो, तो तसूभर हलत नाही, सरकतो तो मी! पण धातूला वाचा नसते. आपल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होताना मुकाट पाहण्यासारखे दुःख नाही.

बाईंच्या सासूबाईंनी चाळीस वर्षे शिवणकाम केले होते आणि अजूनही त्या खिडकीशी मशीन चालवत. कुठलीही वस्तू फेकायची म्हटले की त्यांच्या जिवावर येई. बाईंनी रागाने टाकून दिलेले लक्ष्याचे जाड कागद त्यांनी कॉलर बेतायला जमवून ठेवले होते. रविवारी सकाळी त्यांनी त्यातला एक कागद खिडकीशी उजेडात धरला आणि त्यांची कात्री थांबली. त्यांनी दुसरा धरला, तिसरा धरला.

‘‘सूनबाई, इकडे ये जरा.’’

‘‘आई, नको ना ते कागद आता.’’

‘‘ये म्हणते ना. हे बघ. ही पाच भोकं एकावर एक. आणि ही पाच इथे बाजूला, तीही एकावर एक. सगळ्या कागदांवर असंच. अगं, हात कापला की टाके वाट्टेल तिथे पडतात, सांडल्यासारखे. असे दोन जागी नीट बसत नाहीत. माझ्या मशीनची सुई सैल झाली की अस्साच टाका उडी मारतो. हे तुझ्या हाताचं काम नव्हे. तुझ्या त्या बंदुकीत काहीतरी बसल्या जागेवरून सरकतंय.’’

‘‘स्क्रू घट्ट आहेत हो, आई. मामांनी पाहिलेत.’’

‘‘वरून पाहिलेत. तू दात वरून बघतेस का?’’

बाई तशाच वळल्या. मग आत जाऊन त्यांनी दवाखान्याची बॅग आणली, रायफल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तोंडातली मागची दाढ बघायचा तो छोटा गोल आरसा माझ्या पोटाखाली सरकवला. यजमानांनी टॉर्च धरला. आरशात बाईंचा डोळा दिसला, शांत आणि बारीक झालेला. त्या डोळ्यापुढे मला एकदम केसभरची आठवण झाली.

‘‘फट आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अहो, हा दात हिरडीत बसलेलाच नाही! नुसता कडेवर टेकलाय.’’

त्यांनी स्क्रू काढले. पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली, बोटाने दोन्ही कडा चाचपल्या आणि अरुंद कड खाचेशी लावून पाहिली. ती अलगद आत जाऊन बसली. खाचेतले जुने तेल त्यांनी कापसाने पुसून काढले, मला पुन्हा बसवले आणि स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे करून आवळले. मण्यांएवढे ते स्क्रू त्यांनी चिमट्याने उचलून जागेवर ठेवले, एकही टेबलावर पडला नाही. कामाच्या नादात आपल्या हाताकडे बघायचे त्या साफ विसरल्या होत्या. सासूबाई मात्र त्या हाताकडेच बघत होत्या.

‘‘कापतोय का गं?’’ त्यांनी विचारले.

बाईंनी हात समोर धरला. बराच वेळ धरला. बोट न् बोट स्थिर होते.

दुपारी रेंजवर मी पहिल्यांदा खरा माउंट झालो. माझ्या पट्टीने खाच अशी धरली होती की रायफल आणि मी दोन राहिलोच नव्हतो. बाईंनी श्वास सोडला. ठोका, मग ती एवढीशी जागा, मग गोळी. दहा वेळा. मामांनी कागद काढून आणला तेव्हा ते चालता चालता मध्येच थबकले. कागदावर दहा भोके नव्हती. मधोमध एकच भोक होते, शर्टाच्या बटणाएवढे, आणि दहाही गोळ्या त्यातून गेल्या होत्या. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. मी तर अवाक् झालो होतो. माझ्याच पाठीवरून दहा वेळा नेम धरला गेला होता आणि तरी मला ते खरे वाटत नव्हते.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाळ दस्त्यावर टेकवले आणि त्या रडल्या. त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्या कडीवर पडले. मग डोळे पुसून त्यांनी दवाखान्यात काम करणाऱ्या ताईंना फोन लावला. ‘‘सोमवारच्या सह्या रद्द. आणि त्या आजोबांना कळवा, त्यांची अक्कलदाढ मीच काढणार.’’

या गोष्टीला बारा वर्षे झाली. माझा काळा रंग कडांवर उडाला आहे, पण मी सरकलेलो नाही. दर महिन्याला बाई माझे स्क्रू तपासतात, खाच पुसतात आणि आरसा घालून खालून बघतात. दुकानात दुर्बिणींचे कौतुक अजून चालते म्हणे. चालू दे.

मित्रांनो, तुम्हीही वस्तू निवडताना तिला धरून ठेवणाऱ्या लहानशा वस्तूकडे तेवढ्याच आस्थेने बघा. तिला पुसा, आवळा, अधूनमधून खालून वाकून बघा. आणि एखाद्याचा नेम चुकू लागला तर त्याचा हात गेला असे घाईने म्हणू नका. त्या अकरा आठवड्यांत मी बाईंना जे सोसायला लावले, त्याची माफी मला कधीच मागता आली नाही. माझ्याने होण्यासारखे एकच आहे, ते करतो. कधी तुमची दाढ ठणकली आणि पांढऱ्या केसांच्या, मोजके बोलणाऱ्या एखाद्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत बसायची वेळ आली, तर मुळीच घाबरू नका. तो हात मी ओळखतो. खुशाल मोठ्ठा आ करा.